राहिलेल्या चिठ्ठ्या

३ मार्च १९९९

कीबोर्डला गिऱ्हाईक आलं. राजारामपुरीतले क्लासवाले. चार सूर वाजवून बघितले, रविवारी नेतो म्हणाले. मी बरं म्हटलं.

अमरेशला जाऊन चार महिने झाले. पाठचा भाऊ, आमच्या ऑर्केस्ट्राचा गायक. पंधरा दिवसांच्या काविळीत गेला. मातीला गावोगावची माणसं आली, ओक्साबोक्शी रडली. मला अजून रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो. आक्का, आमची थोरली बहीण, माझ्याकडं बघत राहते. बघू दे.

४ मार्च

काही नाही.

६ मार्च

आमचा ढोलकीवाला केरबा आला. दारातूनच — "मल्लेश, ऑर्केस्ट्रा मोडतोयस म्हणं? आन् वाडीची जत्रा? चौदा तारखंला हाय की!"

"गाणार कोण?" म्हटलं.

तो उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "अमऱ्यानं शबूद दिलाय त्यास्नी."

झालं! मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. क्लासवाल्यांना पंधरा तारखेला या म्हणून निरोप धाडला. हा एक शेवटचा कार्यक्रम, मग सुटलो.

९ मार्च

बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. राहिलेल्या चिठ्ठ्या. हा अमरेशचा नियम — फर्माइशीची जी चिठ्ठी वेळेअभावी राहील ती जपायची, आणि पुढच्या वर्षी त्याच गावात पहिलं गाणं तेच, त्या माणसाचं नाव घेऊन. आजऱ्याजवळच्या या वाडीत त्र्याण्णव साली समोर तीस माणसं होती, त्यातली निम्मी मंडपवाल्याची! गेल्या वर्षी माणसं झाडावर चढून बसली होती. स्वतःचं नाव ऐकायला येतात, असं मी म्हणायचो. अमरेश म्हणायचा, "न्हाय रं. आपुन त्यास्नी इसरत न्हाय, म्हणून येत्यात."

निवेदन माझ्याकडं, म्हणून चिठ्ठ्याही मीच वाचायचो. वाडीत दरवर्षी एक चिठ्ठी ठरलेली. कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागं पेन्सिलीनं वाकडी अक्षरं — 'बोलणाऱ्यानं एक गाणं म्हणावं.' नाव नाही. अमरेशचाच चावटपणा, दुसरं काय! लहानपणी मीही गायचो. पण त्याच्यापुढं माझा गळा म्हणजे फुटका डबा, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? विचारलं की नुसता हसायचा. "म्हण की मग! कोण नगं म्हणतंय?" मी ती चिठ्ठी डब्यात टाकली नाही कधी. तिथंच फाडायचो. सहा वर्षं फाडली.

यंदा ती येणार नाही. एवढं डोक्यात आलं आणि गेलं.

१४ मार्च

वाडी. दुपार. टेम्पोत बसून लिहितोय. गायला शिवाजी पेठेतला एक जण आणलाय. बरा गातो. स्टेज बांधताना एक म्हातारे आले — "पावणं, अमरेशराव दिसंनात?" सांगितलं. ते मटकन खाली बसले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. मी त्यांना पाणी दिलं. भाऊ माझा, आणि पाणी देणाराही मीच! माझीच मला लाज वाटली.

डब्यातल्या वाडीच्या तीन चिठ्ठ्या खिशात घेतल्यात. त्या संपल्या की आपलं काम संपलं.

१५ मार्च

तिन्ही गाणी झाली आणि हातात चिठ्ठी आली. कॅलेंडरचं पान. पेन्सिल. तीच वाकडी अक्षरं. यंदा खाली नाव होतं.

'बोलणाऱ्याचं गानं सा वर्सं राहिलंय. राहिलेलं पयलं घेता न्हवं? — चिमणाबाई, काजू कारखाना.'

तो अमरेश नव्हता! माणूस सहा वर्षं वाट बघत होतं आणि मी त्याची फर्माईश फाडत होतो. चिठ्ठी माइकवर वाचली, गायला लागलो. दुसऱ्या ओळीला आवाज फुटला आणि चार महिन्यांचं रडू सगळ्या गावासमोर आलं. उरलेलं गाणं वाडीनंच म्हटलं.

आज सकाळी क्लासवाले आले होते. परत पाठवले. चिमणाबाईंची अजून पाच राहिलीत.