डोतोन्बोरीतला धाकटा खेकडा

रीडिंग, इंग्लंड,
१८ एप्रिल २००५

प्रिय सुचेता,

सप्रेम नमस्कार. आम्ही इथे धडधाकट आहोत. तुम्हा तिघांच्या तब्येती चांगल्या असतील, आणि यमुनाची तर असेलच. (बघ, तिची चौकशी पहिल्याच ओळीत केली. रघुवीर म्हणतो, मी मनात ठेवते. नवऱ्यांना काय कळतंय!)

ओसाकात आठवडाभर तू माझं इतकं केलंस की माहेरीही कोणी करत नाही. त्यामुळे पुढचं तक्रार म्हणून नाही, नुसतं कळावं म्हणून लिहिते. सहा वर्षांनी भेटणार म्हणून मी चकलीची भाजणी इथे भाजली, मिक्सरच्या सात खेपांत दळली, विमानतळावर त्या संशयी तपासनिसापुढे चिमूटभर खाऊन दाखवली, आणि तुझ्या घरी चकल्यांना पहिला हात कोणाचा, तर यमुनाचा! तीन मजले खाली राहते म्हणून रोज वर यायलाच हवं का? शिवाय मलाच विचारते, “अर्चनाताई, भाजणीत धणे किती हो घालता?” ताई! जेमतेम दोन वर्षांनी लहान असेल माझ्याहून. मी गोड हसले आणि हवापाण्यावर बोलायला लागले. कृती काही दिली नाही.

डोतोन्बोरीला खरं तर आपण दोघीच जाणार होतो. पण तीन वर्षं राहून तुला जपानी येत नाही, म्हणून दुभाषी म्हणून तीच आली. बाजार मात्र दृष्ट लागण्यासारखा. कालव्याच्या दोन्ही काठांना दिवेच दिवे, हॉटेलावर पाय हलवणारा भलामोठा यांत्रिक खेकडा, बेंबीच्या देठापासून गिऱ्हाईक बोलावणारी पोरं. (इथे साडेपाचला दुकानं बंद झाली की रस्त्यावर मी आणि कबुतरं.) जीव हरखला असता गं. पण तुम्ही दोघी पुढे हातात हात घालून, आणि मी मागे तिघींच्या पिशव्या घेऊन. तेवढ्यात तुझ्या मोबाइलच्या पाठीवर तो स्टिकर दिसला. नखाएवढा फोटो, त्यात तू आणि ती, गालाला गाल लावून. तिथल्याच फोटोच्या बूथमध्ये काढलाय म्हणालीस. सहावीपासून तुझ्या बाकावर मी बसले आणि मोबाइलवर बसली यमुना! मला हेवा वाटला, सरळच लिहिते. मी फणकाऱ्याने एका मोज्यांच्या दुकानात शिरले, आणि बाहेर आले तर तुम्ही गायब.

चुकामूक झालीच तर खेकड्याखाली उभं राहायचं, हे तुझंच फर्मान. मी चाळीस मिनिटं खेकड्याखाली उभी होते. त्याच रस्त्यावर आणखी एक, मोठा खेकडा आहे, हे मला कोणी सांगायचं? माझ्या खेकड्याचे पाय मला तोंडपाठ झाले. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने. शेवटी धापा टाकत शोधायला आलं कोण? यमुना. माझा हात घट्ट धरून म्हणाली, “ताई, घाबरलात ना?” अगं, तू यायचंस ना! तू म्हणे मोठ्या खेकड्याखाली माझी वाट बघत होतीस.

मग बूथमध्ये तिघींचा फोटो निघाला. त्यात यमुना मधोमध, तू हसतेयस, आणि माझा एक कान. असो. मी मनाला लावून घेतलेलं नाही.

रघुवीरचा नमस्कार. छोट्या तनयाला पापा.

तुझी (सहावीपासूनची),
अर्चना

ता. क. मोबाइलवरचा स्टिकर शोधत असशील तर सोफ्याखाली वाकू नकोस. निघायच्या सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी तो नखाने उचकटला आणि पासपोर्टात घालून आणला. फाडून टाकणार होते.

ता. क. दुसरा. फाडण्याआधी यमुनाचं तोंड नीट बघावं म्हणून आत्ता रघुवीरचं भिंग घेतलं. तुमच्या डोक्यांवर बारीक गुलाबी अक्षरं आहेत. मला ती जपानी नक्षी वाटली होती. बूथच्या पडद्यावर पेनाने लिहिलेलं अक्षर तुझं आहे, नेहमीसारखं उजवीकडे कलंडलेलं : “अर्चे, तू हवी होतीस.” स्टिकर परत मिळणार नाही.

ता. क. तिसरा. भाजणीची कृती सोबत जोडली आहे, यमुनाला दे. धणे किती, ते मुद्दामच लिहिलेलं नाही. ते मी तुलाच सांगेन, रीडिंगला येशील तेव्हा. एकटी ये.