पहिल्या रविवारचे पेले

मी, शांतवन भास्कर साळवे, वय अठ्ठ्याहत्तर, ठाणे कोर्टातील निवृत्त लिपिक, धर्माने ख्रिस्ती, राहणार कल्याण पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. मैथिली यांनी आज खात्रीसाठी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी एकोणऐंशीपर्यंत आलो तेव्हा त्यांनीच पुरे म्हटले. लिव्हर मात्र शाबूत नाही आणि त्यांच्या मते माझ्याकडे दोन-तीन महिने आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांची कागदपत्रे नकलण्यातच जन्म गेला.

१. माझा राहता फ्लॅट पुतणी संचिता हिला द्यावा. पत्नी शीला दोन वर्षांपूर्वी वारली. एकुलती मुलगी रुचिता त्याआधी एकोणीस वर्षे, वयाच्या सतराव्या वर्षी गेली. दुसरा वारस नाही. संचिताने माझी उस्तवार केली आणि माझा तिरसटपणाही सोसला. तिने रुचिताची खोली रंगवून घ्यावी. मला ते जमले नाही.

२. बँकेतील ठेवीतून शवपेटीचा व दफनाचा खर्च करावा, उरेल ते संचिताचे. रुचिताच्याच कबरीत शीलाला ठेवले आहे, आमच्या दफनभूमीत जागा अशीच पुरवावी लागते. मलाही तिथेच ठेवावे. दगडावर नाव आणि सन एवढेच असावे. ‘विश्वासू सेवक’ वगैरे काहीही कोरू नये. कारण कलम चारमध्ये दिले आहे.

३. मंडळीतले आबा भालेराव यांना माझी काळी छत्री द्यावी. रुचिताच्या दफनाच्या वेळी त्याच छत्रीत माझ्याशेजारी उभे राहून ते म्हणाले होते, “देवाला चांगली माणसं लवकर लागतात, शांतवनराव.” हे वाक्य मी त्यांना माफ केलेले नाही. छत्री उघडताना त्यांना ते आठवावे. खरे सांगायचे तर, अशी वाक्ये मीही पुष्कळांच्या घरी जाऊन बोललो होतो.

४. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. ख्रिस्ताने आपल्यासाठी सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून प्रत्येकाला द्राक्षरसाचा बोटभर पेला मिळतो. मनात अढी धरून तो पिऊ नये, आधी समेट करावा, अशी आमची शिकवण. माझी अढी देवाविरुद्ध होती. रुचिताच्या आजारपणात सात महिने आम्ही उपास धरून प्रार्थना केल्या आणि त्याने माझी मुलगी नेली. मी त्याच्याशी अबोला धरला. चर्च सोडले असते तर चार माणसे विचारायला घरी आली असती. म्हणून मी उलट पेले भरण्याचे आणि तबक फिरवण्याचे काम मागून घेतले. वाढणारा स्वतः जेवला का, हे कोणी बघत नाही. एकवीस वर्षे मी पेला ओठाला लावलेला नाही आणि लोक माझ्या भक्तीचे कौतुक करत आले.

५. तबक परत आले की चर्चमागच्या मोरीवर मी एकटाच पेले धूत असे. दर वेळी एक पेला अर्धा भरलेला सापडायचा. मला संताप यायचा. उरलेला रस मातीत ओतायचा असा आमचा रिवाज, म्हणून तो आवारातल्या कडुलिंबाच्या मुळाशी ओतायचो. फलकावर सूचनाही लावली, पेला पूर्ण रिकामा करावा. घरी जेवताना कुरकुरायचो, “कोण एवढं बेपर्वा आहे?” शीला आमटी वाढत म्हणायची, “असेल कोणीतरी.”

ठाण्याच्या इस्पितळात, जाण्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “अहो, तो अर्धा पेला माझा असायचा.”

“तुझा? कशाला?”

“तुमच्यासाठी ठेवायचे. धुताना तुम्ही एकटेच असता. म्हटलं, कोणी बघत नसताना तरी प्याल.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही ते कामही सोडलं असतं.”

एकोणीस वर्षे, दर महिन्याला. मी लावलेल्या सूचनेखालून जाऊन ती आपल्या जागेवर बसत होती. रुचिता तिचीही मुलगी होती. तू हा पेला कशी पितेस, असे मी तिला एकदाही विचारले नाही. याचे मला फार वाईट वाटते. ती गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सगळे पेले रिकामे परत आले आणि मी मोरीवर बसून रडलो.

देवाची प्रीती कमवावी लागत नाही, ती आधीच दिलेली असते, असे मी कित्येक दुःखी घरांत सांगितले. मला ते पाठ होते. देवाने मुलगी वाचवली असती तरच ती प्रीती, असे मी धरून चाललो. कोणी रागावून बसला तरी त्याचा वाटा काढून ठेवणे हीही प्रीती आहे, हे मला शीला जाईपर्यंत कळले नाही.

६. गेल्या वर्षापासून मला उभे राहवत नाही, तरी पेल्यांच्या कपाटाची किल्ली मी घरीच ठेवली होती. ती चर्चला परत करावी. यापुढे तबक फिरवणाऱ्याला पाळकांनी स्वतःच्या हाताने पेला द्यावा आणि तो पिईपर्यंत त्याच्यासमोर उभे राहावे. संचिता हे वाचून म्हणाली, “काका, असलं काही मृत्युपत्रात लिहितात का? वकील हसतील.” हसू देत.

७. आमचे पाळक रेव्ह. अनिमेष वाघमारे येत्या रविवारी प्रभुभोजन घेऊन घरी येणार आहेत. यापूर्वी तीनदा मी त्यांना दारातूनच परत पाठवले. या वेळी नको म्हटलेले नाही. रुचिताला का नेले याचे उत्तर मला मिळालेले नाही. ते न मिळताच पेला हातात घ्यायचा आहे आणि मला त्याची भीती वाटते. हे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा मी तो प्यालो की नाही, हे साक्षीदार क्रमांक एक यांना ठाऊक असेल. आज सही करताना मला ठाऊक नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण : कल्याण पूर्व
दिनांक : ४ डिसेंबर २०२५, गुरुवार

(सही) शांतवन भास्कर साळवे

साक्षीदार :
१. (सही) रेव्ह. अनिमेष वाघमारे, पाळक
२. (सही) डॉ. मैथिली फाटक