तुमच्या कुंपणाचं वर्गीकरण

आदरणीय दादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (नाव लिहीत नाही. तुमच्या घरात सध्या माझा उल्लेख नुसता ‘तो’ असा होतो, हे माझ्या कानावर आलं आहे, आणि तेवढ्यावर पत्र तुम्हाला ओळखता येईल.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मी इथे मजेत आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर एकवीस दिवस मी स्वतःच्या हातचं खातो आहे आणि आता मला भूकच कमी लागते. तुमच्या रोपवाटिकेतल्या रोपांची चौकशी करायला मला तोंड नाही. शेजारच्या शेळ्यांनी पेरूचा दुसरा वाफाही फस्त केल्याचं, कस्टममधून माल सोडवणाऱ्या तुमच्या एजंटाने मला मुद्दाम ऑफिसात येऊन, चार माणसांसमोर, ऐकवलं.

तुमची बहीण तुमच्याकडे का आली, हे तिने तुम्हाला तिच्या पद्धतीने सांगितलंच असेल. माझी बाजू एवढीच, की त्या दिवशी मी माझा अकरा पानी आदेश तिला वाचायला दिला (चांगलं लिहिलेलं काही असलं की घरच्यांना दाखवावंसं वाटतं, त्यात काय चुकलं?), तिने तो शेवटपर्यंत वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि बॅग काढली. म्हणाली, “दादाचं कुंपण तुम्ही अडवलंय ना? मग ते सुटेपर्यंत मी तिथे उभी राहते.” मला वाटलं, रागाच्या भरात बोलली. पण आता कळतं, की ती खरोखरच सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात झाडूचा दांडा घेऊन शेळ्यांच्या वाटेवर उभी असते. सव्वीस वर्षं कस्टममध्ये काढलेल्या माणसाची बायको कुंपण म्हणून कामाला लागली आहे. ऑफिसात हे अजून कोणाला माहीत नाही, आणि एजंटाला मी चहा पाजून गप्प बसवलं आहे.

आता मूळ मुद्दा. दादा, तुमच्या मनात असा समज आहे की तुम्ही परदेशातून कुंपण मागवलं. तुमच्या एजंटाचाही तोच समज होता, म्हणून त्याने कागदावर सरळ ‘कुंपण’ असं लिहिलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. जकातीच्या पुस्तकात कुंपण नावाची वस्तू नाही. तिथे फक्त लाकूड आहे, आणि त्या लाकडाचं पुढे कोणी काय केलं याची बारीक चौकशी आहे. झाडाचं खोड नुसतं फोडलं, टोक काढलं आणि उभी करवत लावली नाही, तर तो खुंट. त्याचा खाना वेगळा आणि जकात नावापुरती. तेच लाकूड उभं चिरलं की ते दुसऱ्या खान्यात जातं. आणि रंधून, जोडून, नटवून त्याची काही ‘वस्तू’ झाली, की ते सगळ्यात शेवटच्या खान्यात, जिथे कपड्यांचे हँगर, शिड्या आणि शवपेट्या बसतात. तिथली जकात घसघशीत आहे. एवढ्या शेजाऱ्यांबरोबर तुमचं कुंपण का बसवलं, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी तर हे पत्र आहे, जरा धीर धरा.

तुमचे कागद माझ्या टेबलावर आले तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल? साहेबांकडे गेलो आणि लेखी कळवलं, की हा आयातदार माझा सख्खा मेव्हणा आहे, तेव्हा हे प्रकरण दुसऱ्या कोणाकडे द्यावं. साहेबांनी कागद वाचला, त्यावर ‘पाहिलं’ असं लिहिलं आणि परत माझ्याकडेच दिला. लाकूड दुसऱ्या कोणाला कळतं, हा त्यांचा सवाल. (ऑफिसात मला ‘लाकूडमास्तर’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे त्यात मान आहे असं मी धरून चाललो आहे.) सव्वीस वर्षांत माझा एकही आदेश वर जाऊन फिरलेला नाही. एकही नाही, दादा. लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन घरी जातात, मला ही एक गोष्ट घेऊन जायची होती. आणि नेमकं तुमचं कुंपण आडवं आलं. उद्या कोणी म्हणालं असतं, की लाकूडमास्तरांनी मेव्हण्यासाठी डोळेझाक केली, तर सव्वीस वर्षं पाण्यात गेली असती. म्हणून मी ठरवलं, की या प्रकरणात निःपक्षपातीपणाची अशी कमाल करायची की लोकांनी नाव काढावं.

कमाल झाली. तुमच्या विक्रेत्याच्या कागदात ‘फोडलेले खुंट’ असं स्वच्छ लिहिलं होतं. नातेवाइकाचा कागद म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला नाही. गोदामात स्वतः गेलो. नमुना काढायचं काम खरं तर तिथल्या मदतनिसाचं, पण त्याला वाटायला नको, की मला सोयीचा तुकडा हवा आहे, म्हणून करवत मी हातात घेतली. तुमच्या चाळीस मोळ्या काळ्या प्लास्टिकमध्ये करकचून गुंडाळलेल्या होत्या. कुठली मोळी घ्यावी? मी चिठ्ठी टाकली, सातवी निघाली. मोळीतलं कुठलं लाकूड घ्यावं? इथे मी काय केलं ते वाचून हसू नका. मी डोळे मिटले, मोळीभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि प्लास्टिकबाहेर जे पहिलं लाकूड हाताला लागलं ते धरून त्याचा हातभर तुकडा कापला. पंचनाम्यात तशी नोंदही केली: ‘नमुना निवडताना अधिकाऱ्याचे डोळे मिटलेले होते.’ खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्यांतला एक फोर्कलिफ्टवाला सही करताना माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होता, पण मी ते आदर समजलो.

डोळे उघडून पाहतो तर तुकडा चौकोनी, चारही बाजूंनी रंधा मारलेला, काटकोन असा की फूटपट्टी लाजावी. एका बाजूला काळ्या रंगात अर्ध्या बाणाचं टोक. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मेव्हण्याच्या बाजूचा निकाल देण्याचा प्रसंगच टळला होता! तुकड्याचे दोन भाग केले, एक प्रयोगशाळेकडे पाठवला, एक मोहरबंद करून कपाटात ठेवला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी लिहून दिलं, की लाकूड उभं चिरलेलं आहे आणि रंधलेलं आहे. त्यांचं काहीच चुकलं नाही, त्यांच्यापुढे जे आलं त्याचं वर्णन त्यांनी केलं. बाणाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. ते काम मी केलं. आदेशाच्या आठव्या पानावर मी दीड परिच्छेद त्या बाणावर खर्च केला आहे. त्यात मी सिद्ध केलं, की ही केवळ लाकडाची पट्टी नसून, कुंपणात कुठली बाजू वर यावी याचं दिग्दर्शन करणारी, तयार आणि पूर्ण झालेली वस्तू आहे. शिवाय बाण हा नक्षीचाही भाग मानता येईल, असं जाताजाता सुचवलं. ते पान मला स्वतःला फार आवडलं होतं. मी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

गेल्या मंगळवारी गोदामाच्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज मुळातच चढा, त्या दिवशी तर मी फोन कानापासून वीतभर लांब धरून बोलत होतो. तुमची सातवी मोळी फुटली होती आणि खुंट गोदामभर पसरले होते. मी धावत गेलो. फोर्कलिफ्ट मधोमध अडकलेली, आणि तिच्याभोवती तुमचे दोनशे खुंट लोळत पडलेले. मी एक उचलला. पाठीवर झाडाची साल तशीच, पोट ओबडधोबड फोडलेलं, टोक कुऱ्हाडीने काढलेलं. दुसरा उचलला, तोही तसाच. मी गुडघ्यांवर बसून साठ-सत्तर खुंट पाहिले असतील. एकालाही उभी करवत लागली नव्हती. दादा, सव्वीस वर्षांत इतके स्वच्छ, इतके निर्विवाद, पुस्तकात चित्र काढावं असे खुंट मी पाहिले नव्हते.

मग फोर्कलिफ्टवाल्याने एक लांब पट्टी उचलून माझ्यापुढे धरली. प्रत्येक मोळी वरून-खालून दोन रंधलेल्या पट्ट्यांमध्ये आवळलेली असते. त्यांतली ही एक. तिचा हातभर तुकडा कोणीतरी करवतीने कापला होता, म्हणून मोळी सैल पडून फुटली होती. कापलेल्या कडेला बाणाचा उरलेला अर्धा भाग होता आणि त्याखाली लिहिलं होतं: ‘ही बाजू वर.’ फोर्कलिफ्टवाला म्हणाला, “साहेब, बांधणीची पट्टी कापणारा हा शहाणा कोण?” मी म्हणालो, चौकशी करतो. पंचनाम्यावर त्याची सही आहे, त्याला शहाण्याचं नाव-गाव सगळं माहीत होतं.

म्हणजे, दादा, मी तुमच्या कुंपणाचं नव्हे, त्याच्या खोक्याचं वर्गीकरण केलं. अकरा पानांत.

मी तसाच साहेबांच्या खोलीत गेलो आणि ‘माझ्या हातून’ एवढं म्हणालो असेन नसेन, तोच साहेबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले आहेत आणि या चार महिन्यांत त्यांना काहीही ऐकायचं नाही. नियमाने त्यांचंही खरं आहे. आदेशावर सही झाली, की तो माझ्या हातचा राहत नाही. त्यातला स्वल्पविराम हलवायचा म्हटला तरी मला अधिकार नाही. तो फिरवायचा तर वर अपील जायला हवं, आणि अपील आयातदाराने, म्हणजे तुम्ही, करायला हवं. मी करू शकत नाही. मी फक्त बसून वाट पाहू शकतो. सध्या तेच करतो आहे. जेवताना समोरची खुर्ची रिकामी दिसते, म्हणून आता उभ्यानेच जेवतो. तुम्ही मोठे आहात, समजून घ्याल, एवढी आशा करतो. सरकारी कामाला वेळ लागतो, तोवर शेळ्यांना थोपवून धरावं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
लाकूडमास्तर

ता. क. सोबत जाड पाकीट आहे. त्यात तुमचं अपील आहे. होय, मीच लिहिलं आहे. माझ्या आदेशातल्या चुका माझ्याइतक्या चांगल्या कोणाला दाखवता येणार? एकूण नऊ मुद्दे आहेत. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करा आणि फुली खोडून टाका. मुदत संपायला आठ दिवस आहेत, तेव्हा ‘बघू’ म्हणून पाकीट कपाटावर टाकू नका. भाषा जरा जहाल वाटेल. दुसऱ्या मुद्द्यात ‘संबंधित अधिकाऱ्याने डोळे मिटून, अक्षरशः डोळे मिटून’ असं आहे. तुम्ही स्वभावाने मऊ, तुम्हाला ते सौम्य करावंसं वाटेल. करू नका. मला ते लिहायला दोन दिवस लागले आहेत.

आणखी ता. क. अपील ज्या बाईंपुढे जाईल त्या नोकरीला लागल्या तेव्हा माझ्या हाताखाली शिकत होत्या. आधी मोळी उघडायची, मग मत बनवायचं, हे मीच त्यांना शिकवलं. त्या आदेश फिरवतील याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणजे माझी सव्वीस वर्षांची ती एक गोष्ट गेली. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तुमचा पेरूचा तिसरा वाफा वाचेल.

शेवटचं ता. क. पाकीट तुमच्या बहिणीसमोर उघडा आणि चौथा मुद्दा तिला मोठ्याने वाचून दाखवा. (‘बाणाचं चिन्ह हे वस्तूवर नसून बांधणीवर असतं, हे कोणाही सुज्ञ माणसाच्या ध्यानात यावं.’) तो मुद्दा माझा नाही, तिचा आहे. त्या दिवशी आदेश वाचून ती आधी हेच म्हणाली होती: “अहो, बाण तर खोक्यावर असतो.” आणि मी तिला म्हणालो होतो, तुला लाकडातलं काय कळतं. तिने बॅग त्यानंतर काढली. वर हे लिहायचं माझ्याकडून राहिलं. राहिलं म्हणजे मी मुद्दामच लिहिलं नाही. कुंपणासाठी ती तुमच्याकडे आलेली नाही, दादा. वाचून झाल्यावर ती हसली तर कळवा, मी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे, शेळ्यांच्या वाटेवर दुसऱ्या टोकाला मी उभा राहीन. नाही हसली तरी मी येतोच आहे.