वीस मिनिटं पुढे

तीर्थस्वरूप काकांना,

पुतणीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? काकू गोळ्या वेळेवर देते ना, आणि तुम्ही त्या खरंच गिळता ना? मला इकडे येऊन सात महिने झाले आणि हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना तुमचं उत्तर नाही. राग मान्य आहे. (दुकानातलं स्टूल रिकामं टाकून मी एका बांबूच्या मागे परदेशी निघाले, हे तुमचेच शब्द.) पण तोच बांबू चांगलं चालणारं घड्याळ घेऊन चौथ्यांदा दुरुस्तीला आला, तेव्हा बिघाड घड्याळात नसून गिऱ्हाइकात आहे, हे निदानही तुम्हीच केलं होतंत.

मी मजेत आहे. इथली भाषा मला अजून लहान मुलाइतकीच येते, त्यामुळे भांडता येत नाही. तुमचे जावई, म्हणजे तोच उंच बांबू, याला सुखाचा संसार म्हणतात. सासूबाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहेत आणि सासरे बस चालवतात. एकतीस वर्षांत त्यांची पहाटेची पहिली बस एकदाही उशिरा सुटलेली नव्हती. "नव्हती" असं का म्हणते, ते आता सांगते.

स्वयंपाकघरात लंबकाचं एक जुनं घड्याळ आहे. ते चक्क वीस मिनिटं पुढे! घड्याळजीची पुतणी घरात असताना ही शोभा? मंडळी बाहेर गेली असताना मी ते उतरवलं, पुसलं, तेल घातलं, काटे बरोबर लावले आणि कोणाला काही बोलले नाही. (काम केल्यावर बोलून दाखवायचं नाही, ही तुमचीच शिकवण. या वेळी पाळायला नको होती.) दुसऱ्या दिवशी सगळे निवांत चहा पीत बसले. काय शांत घर आहे, म्हणून मला भरून आलं. तेवढ्यात सासऱ्यांना डेपोतून फोन. मग कळलं की हे घर वर्षानुवर्षं त्या वीस मिनिटांच्या भरवशावर चालतं. घड्याळात बघायचं, मनात वीस वजा करायचे आणि आणखी एक कप घ्यायचा. मोबाईल सगळ्यांकडे आहेत, पण विश्वास भिंतीवरच्यावर. सगळ्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर डोकावत होता.

पहिली बस चुकली, शाळेतला नाश्ता लांबला आणि तुमच्या जावयांना साहेबांनी धारेवर धरलं. मला वाटलं, संपलं, आता या घरात आपण कायमच्या परक्या. दिवसभर रडले. संध्याकाळी सासरे आले, त्यांनी घड्याळ उतरवून माझ्या मांडीवर ठेवलं आणि मला समजेल अशा सोप्या शब्दांत सावकाश म्हणाले, "काम फार छान केलंस. आता आमचं घड्याळ आम्हाला परत दे." सासूबाई तर हसून हसून खालीच बसल्या. आणि काका, पाच सेकंदांची चूकही दुकानाबाहेर न जाऊ देणाऱ्या माणसाच्या हाताखाली शिकलेल्या मी स्वतःच्या बोटांनी काटे वीस मिनिटं पुढे सरकवले. याची माफी मागते.

रविवारी सासऱ्यांनी खिडकीपाशी माझ्यासाठी टेबल ठोकलं. उंची माझ्या कोपराला लावून मोजली. आता गल्लीतली घड्याळं येतात. झाकण उघडलं की हात आपोआप चालतो, आणि तो हात तुमचा आहे, हे मला रोज कळतं. इतकी चांगली माणसं मिळाली याचा आनंद आहे, पण त्यांच्या घरात मला किंमत आली ती तुमच्यामुळे. हे तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

काकूला नमस्कार.

तुमची,
स्टूलवाली

ता. क. – पत्राचं खरं कारण लिहायचंच राहिलं. इथे बारीक स्प्रिंगा मिळत नाहीत, काम अडलंय. वरच्या खणातल्या पाच-सहा पाठवाल का?

आणखी ता. क. – माझ्या रडण्याचं काकूला सांगू नका. (काकू, तू मागे उभी राहून वाचते आहेस हे मला माहीत आहे.)

शेवटचं ता. क. – काका, स्प्रिंगा इथे कोपऱ्यावरच्या दुकानात ढिगाने मिळतात. रिकामं पाकीट पाठवलंत तरी चालेल, फक्त त्यावर माझं नाव तुमच्या हाताने लिहा.