थोरलीचं उखळ

८ नोव्हेंबर
आले एकदाची सासरी! रिजियार कुका गावच्या बायकांनी वेशीपासून ललकाऱ्या देत आणलं. खोली माझी एकटीची, ताजी सारवलेली. आईनं दिलेल्या रंगीत पातेल्यांची उतरंड कोपऱ्यात झकास दिसते. मूदी, माझा नवरा, दिवसभर सोन्याच्या खाणीवर असतो. थोरलीनं, म्हणजे माझ्या सवतीनं, तसल्लानं, स्वतः तुवो, बाजरीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, वाढला. वाढताना तिचा उजवा हात मनगटातून खाली लोंबतो. काय तो नखरा! दोन वर्षांच्या पोरीची आई ना तू?

१९ नोव्हेंबर
इथे पुरुष खाणीतून दगड आणतात आणि घराबाहेर न पडणाऱ्या आम्ही बायका आतल्या अंगणात तो कुटून, चाळून सोनं काढतो. आम्ही कसल्या, थोरली. मला मुसळाला हातसुद्धा लावू देत नाहीत. मूदी म्हणाला, तसल्लाच्या मुसळाखालून सोन्याचा कण निसटत नाही, नव्या बाईसाहेबांनी आधी बाजरी कुटायला शिकावं. दोघं हसली. मीही हसले. आतून जळून कोळसा झाले. साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला, हेच खरं.
तिची तलातू त्याच धुळीत लोळते आणि बोटं चाटते. शिस्त म्हणून नाही.

११ जानेवारी
मला दिवस गेलेत! वाटलं, आता तरी उखळ माझ्याकडे येईल. मूदीनं कानातलं आणलं, तेही थोरलीला. तिच्या मुसळाची कमाई म्हणे.
बदकं मेली, शेजारचीही. थोरली म्हणाली, नव्या सुनेचा पायगुण दिसतोय. जीभ आहे की सुरी!

२ मार्च
तलातूला सारखे झटके येतात. मल्लमनी, म्हणजे गावच्या मौलवींनी, पाटीवर आयत लिहून ती धुतलेलं पाणी पाजलं. मूदी तीन रात्री थोरलीच्या खोलीत. त्या माझ्या वाट्याच्या रात्री होत्या. मनात आलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. असलं लिहू नये. लिहिलं.

५ मार्च
तलातू गेली.

२१ मार्च
थोरलीच्या हातून मुसळ पडलं. हात उचलतच नाही. म्हणाली, घे बाई, तुला हवंच होतं ना. उखळ माझ्या खोलीत आलं! वाऱ्यानं सोनं उडू नये म्हणून दार लावून कुटते. मूदीनं शाबास म्हटलं. किती महिने थांबले होते त्या एका शब्दासाठी.

१४ मे
शहरातून दवाखान्याची माणसं आली. दगडात शिसं आहे म्हणतात. धूळ रक्तात भिनते, आईकडून पोटातल्या जिवात उतरते. त्यानंच गावातली पोरं चाललीत. परक्या पुरुषांना आत मज्जाव, म्हणून एक नर्सबाई शिसं शोधणारं यंत्र घेऊन आली. थोरलीच्या अंगणात ते यंत्र किंचाळायला लागलं. नर्सबाई माझ्या दाराशी आली तेव्हा मी उखळावर चादर टाकून वर बसले. म्हटलं, इथे फक्त झोपते, अल्लाची शपथ. उखळ नेलं असतं तर मी कोण उरले? नुसती धाकटी. थोरली मागे उभी होती. तिनंच नर्सबाईला बाहेरची वाट दाखवली.

२ जून
तोंडात लोखंडाची चव. पोटात पीळ पडतो. दार लावलेलंच आहे. कुटते आहे, मूदी आज पुन्हा शाबास—

९ जून
वाढताना पातेलं निसटलं. मूदी हसला. म्हणाला, थोरलीचे नखरे बरे उचललेस—

१३ जून
डाव्या हातानं लिहिते. उजवा मनगटातून लोंब—
थोरलीला हाक मारली. तिनं माझा हात स्वतःच्या हाताशेजारी धरला. दोन्ही सारखे. म्हणाली, नर्सबाईला मी सांगणार होते. तू शपथ घेतलीस, तेव्हा वाटलं, हिचंही माझ्यासारखंच होऊ दे. मग माझ्या गळ्यात पडून रडली.
मी विचारलं, तलातू पोटात असताना अशी गप्प व्हायची का? कारण काल सकाळपासून माझं बाळ—