दादाचा भोंगा

भंडारा, ४ जुलै २०२४

तीर्थरूप दादास, शालूचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. मागच्या रविवारी तू माझी काळी छत्री घेऊन करडीला गेलास आणि दाराशी तुझी ठेवून गेलास. तुझी छत्री उघडत नाही. काल उघडली, तर आता मिटत नाही. ऑफिसात मी ती उघडीच घेऊन शिरले आणि दारात अडकले. साहेब आतून ओढत होते, शिपाई बाहेरून ढकलत होता. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी एवढी धावपळ पहिल्यांदाच झाली.

मुळात तुला छत्री हवीच कशाला? वहिनी सांगत होती की, पश्चिमेला मूठभर ढग दिसला की तू हातातली रोपांची जुडी टाकून चिखलातून वर शेताच्या धुऱ्यावर चढतोस आणि शाळेकडे निघतोस. तू निघालास की तुझ्यामागे सगळ्या रोवणाऱ्या बाया धानाच्या बांधीतून बाहेर. ज्याला फोनची घंटा ऐकू येत नाही, ज्याच्यापायी मला या वयात पोस्टाची तिकिटं चाटावी लागतात, तोच गडगडाटाला सगळ्यांत आधी भितो! गावाने तुला भोंगा म्हणून पगारावर ठेवावं. तुझ्या हिशेबाने रोवणी दिवाळीला संपेल, आणि धान आपण पुढल्या जन्मी कापू.

वहिनीस जयभीम. राग धरू नकोस. धरलास तर छत्रीसकट धर.

तुझी, शालू


करडी, ८ जुलै

चि. शालूस, दादाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. छत्रीले डावीकडं झटका दे, मिटते. मले सवय आहे, तुले व्हायची आहे.

तुझ्या वहिनीनं पत्र जेवणाच्या वक्ती धुऱ्यावर बसून मोठ्यानं वाचलं. मले ऐकू नाही आलं, पण सगळ्या बायांचे खांदे हालताना दिसले. शेजारची कुंताबाई तर डबा सांडेपर्यंत हासली. नवरा गेल्यापासून तिचं हासणं मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून मलेही बरं वाटलं. आता ती मले भोंगा म्हणून राहिली. मले ऐकू येत नाही म्हणून तोंडापुढं दोन्ही हात धरून दाखवते.

खरं सांगू काय, मी भितो. मनालीनं, आपल्या गावच्या आशा सेविकेनं, शाळेतल्या सभेत फळ्यावर लिहून दाखवलं होतं की, गडगड कानावर आली म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, तेव्हाच पक्क्या घरात जावं. मले तर गडगडच नाही. मंग मी कोणत्या भरवशावर थांबू? थंडा वारा पायाले लागला, बगळे उठले, की निघतो.

पण आता तूही म्हणतेस, बायाही हासून राहिल्या, आणि रोवणी मागं पडली हे खरंच आहे. यंदा जरा हिंमत धरतो.

तब्येतीले जप. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

दादा


करडी, १३ जुलै

शालूबाईंना पार्वताचा जयभीम. वि. वि.

परवा फोनवर मी एवढंच सांगू शकली की कुंतावर वीज पडली आणि तिले भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊन राहिले. बाकीचं तोंडातून निघत नव्हतं, म्हणून हिरालाल दूधवाल्याच्या हाती ही चिठ्ठी देते.

तीन वाजता पश्चिमेकडून काळं आलं. बाया यांच्याकडं पाहून राहिल्या, हे ढगाकडं. कुंतानं तोंडापुढं हात धरून भोंगा करून दाखवला. हे जरासे हासले, आणि खाली वाकून रोवू लागले. हे वाकले म्हणून आम्ही वाकलो. नेहमी यांच्या पायाकडं पाहूनच आम्ही निघतो ना, बाई.

मंग एकदमच पाणी आलं. शाळा दूर, मोहाचं झाड जवळ. कुंता सगळ्यांच्या पुढं होती, ती झाडाखाली पोचली. मी वीस पावलं मागं होती. उजेड झाला आणि मी चिखलात बसली होती. कुंता आडवी.

कोणी हात लावेना, करंट बसते म्हणून. तिच्या कवडू भासऱ्यानं, नवऱ्याच्या मोठ्या भावानं, उकिरड्यात खड्डा करायले घेतला. गळ्यापर्यंत शेणात पुरलं की अंगातली वीज उतरते, असं आपल्याकडं करतातच. मनाली धावत आली. ती ओरडली की, अंगात वीज राहत नाही, पुरू नका, श्वास थांबला आहे. तिनं कुंताची छाती दाबायले घेतली. ती थकली की हे दाबत. गाडी येईपर्यंत दोघांनी सोडलं नाही. मधेच कुंतानं एक मोठा श्वास घेतला.

तेव्हापासून हे नीट जेवले नाहीत. तुमचं पत्र यांच्या खिशात आहे. मी तुम्हाले काही म्हणत नाही, शालूबाई. मोठ्यानं वाचणारी मीच होती.

पार्वता


भंडारा, १६ जुलै

तीर्थरूप दादास, शालूचा जयभीम. वि. वि.

आज सकाळी कुंताबाईने डोळे उघडले. डॉक्टर म्हणतात, जिवाचा धोका टळला. उजवा हात अजून उचलता येत नाही, डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. वीज पडल्याचं तिला आठवत नाही. उकिरड्यात वेळ घालवला असता तर ती इथवर आलीच नसती, हेही डॉक्टर म्हणाले. मनालीला सांग.

तिने पहिल्यांदा काय विचारलं असेल? रोपं पिवळी पडली काय, हे. मग म्हणाली की, पार्वताकडे माझा एक दिवस आहे, मी तुमच्याकडे एक दिवस रोवलं, तिने माझ्याकडे एक दिवस रोवायचं ठरलं होतं, आता ती येईल की नाही. ती नक्की येईल, असं मी सांगितलं.

दादा, चार दिवस मी तिच्या उशाशी बसले आणि माझ्या पत्रातली एकेक ओळ मला पाठ असल्याचं कळलं. सगळ्या चांगल्या जमल्या होत्या. तुला ऐकू येत नाही म्हणून तू भीत होतास, आणि त्या भीतीच्या आडोशाला दहा बाया रोज घरी सुखरूप पोचत होत्या. ती मी भंडाऱ्यात पंख्याखाली बसून मोडली. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं.

वहिनीला इकडे पाठव, ती कुंताबाईजवळ राहील. मी रजा टाकली आहे, तिच्याऐवजी मी करडीला येते. तू जेव. आणि कृपा करून हिंमत धरू नकोस.

शालू


करडी, २२ जुलै

ती. वहिनीस शालूचा जयभीम. वि. वि.

माझ्या स्वयंपाकघरात मीठ वरच्या फळीवर आहे, साखरेच्या डब्यात. विचारू नकोस का.

आज कुंताबाईच्या बांधीत होते. वीस वर्षांनी चिखलात उतरले. माझी ओळ पाहून बायांनी विचारलं की, ही रोवून राहिली की सांडून. कवडूभाऊ मात्र माझ्या मागे येऊन आडवी पडलेली रोपं सरळ करत होता.

दुपारी वारा थंड झाला. आभाळ अजून अर्धं निळं होतं. दादाने माझ्याकडे पाहिलं. वहिनी, त्याने परवानगी मागितल्यासारखं पाहिलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. मी जुडी खाली ठेवली. तो चढला, आम्ही चढलो, कोणी हसलं नाही. शाळेच्या खोलीत पोचल्यावर दहा मिनिटांनी पहिला गडगडाट झाला. शेवटचा झाल्यावरही मनालीने अर्धा तास कोणाला दाराबाहेर पाय ठेवू दिला नाही. रात्री दादाने दोन घास जास्त खाल्ले.

यात दोन तास गेले. म्हणून उद्या सकाळी पुन्हा दोन तास उतरते आणि दहाच्या गाडीने निघते. मग कुंताबाईला सांग की तिचा एक दिवस फिटला, रोपं हिरवी आहेत. कोणी रोवलं ते विचारलं तर तुझंच नाव सांग.

माझ्यावर जेवढी माया उरली असेल तेवढी ठेव.

शालू