राखलेल्या चार ओळी

धुळे, १८ सप्टेंबर २०२४

ती. नाना यांस मेघाचा सा. न. वि. वि.

फोनवर एका शब्दाने घात केला, म्हणून यापुढे सगळं कागदावर. ‘त्या चार ओळी राखा’ म्हणजे त्यांना हात लावू नका, फवारू नका, असं मला म्हणायचं होतं. तुम्ही त्या इतक्या राखल्या की बाकी कपाशीला दोन फवारण्या आणि त्या ओळींना तीन.

बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या मिटून डोमकळी होते. त्या मला मोजायच्या होत्या. औषध न मारता अळी किती येते हेच कळलं नाही, तर औषधाचा उपयोग किती झाला ते कसं सांगू? या प्रयोगाची पहिली दोन वर्षं शिरपूरला झाली. तिसरं, शेवटचं, घरच्या शेतात घ्यायची हौस माझीच. परवा येऊन पाहते तर एक डोमकळी नाही. काकूंनी मांडे वाढले म्हणून तिथे भांडता आलं नाही.

लोभ आहेच, तो वाढवू नका. पंप तेवढा लांब ठेवा.

आपली,
मेघा

धरणगाव, २४ सप्टेंबर २०२४

चि. मेघास अनेक आशीर्वाद.

पीक राख म्हटल्यावर शेतकरी दुसरं काय करतो? त्यात शेजारचा नवल रोज बांधावरून विचारायचा की पोर शास्त्रज्ञ शे, तरी काकाना कापूस बठ्ठा किडेल कसा, म्हणजे सगळा किडलेला कसा? मला तुझीच लाज वाटली, म्हणून तिसरी फवारणी.

तीन वर्षं पुरी झाली की नोकरी कायम, असं तूच म्हणाली होतीस. मग शिरपूरच्या अंदाजाने आकडा लिहून टाक. मी कुठे बोलणार नाही. एका अळीपायी एवढा जीव कुणासाठी आटवतेस, तेही एकदा कळव.

राग गिळ, माया ठेव.

तुझा,
वना नाना

धुळे, २ ऑक्टोबर २०२४

ती. नाना यांस सा. न. वि. वि.

साहेबांना खरं ते सांगितलं. हे वर्ष रद्द झालं आणि नोकरीही वर्षभर लांबली.

कुणासाठी, विचारता. भाषणात शेतकऱ्यांसाठी म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण मला आधी डोमकळ्या किती होत्या हेच जाणून घ्यायचं असतं. अंदाजाचा आकडा सगळ्यांना चालेल, मला चालणार नाही. मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे. तरी पुढच्या वर्षी शेत तुमचंच घेणार, कारण सांगितलेलं तुमच्याइतकं मनापासून कुणी करत नाही, उलटं का असेना.

काकूंना नमस्कार. तुमच्यावरचा लोभ सध्या कमी आहे, भरून येईल.

आपली,
मेघा

धरणगाव, १६ सप्टेंबर २०२५

चि. मेघास अनेक आशीर्वाद.

चारही ओळींना दोरी बांधली आहे. अळी पाळतो म्हणून तुझी काकू रोज टोमणे मारते. गेल्या आठवड्यात अकरा डोमकळ्या होत्या, आज सतरा. अठरावी मात्र अर्धी मिटलेली आणि अर्धी उघडी आहे. नवलचं म्हणणं, अठरा लिहून मोकळा हो, कोण बघतंय? त्याला बांधावरून घालवून दिला.

ती धरायची की सोडायची, ते कळव. तोवर वहीत आजची जागा कोरी ठेवली आहे. उत्तर लवकर धाड, फूल काही थांबायचं नाही.

तुझा,
वना नाना